हरणांचं चरणं आणि जंगलातला खालचा झाडोरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधल्या गप्पांत, गावच्या वृक्षलागवडीच्या बैठकांत आणि फोनवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न मराठवाड्यातल्या कन्नड, सोयगाव, किनवट, येडशी आणि पाटोदा या भागांतून आलेले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी समजेल असं लिहिलं आहे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हरणं पाला खातात म्हणजे जंगलाचं नुकसान करतात, असंच ना?

नाही. पाला खाणारा प्राणी नाही असं जंगल आपल्याकडे कधी नव्हतंच. इथली झाडंझुडपं या प्राण्यांच्या सोबतीनेच घडली आहेत. त्यामुळे कुणाला काटे आले, कुणाचा पाला कडू झाला, कुणाला बुंध्यातून पुन्हा फुटायची सवय लागली. एका वेळचं खाणं बहुतेक रोपं पचवतात. नुकसान ठरतं ते किती तोंडं होती, कोणता महिना होता आणि एकाच रोपाच्या वाट्याला हे वर्षातून किती वेळा आलं, यावरून. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या तीन गोष्टींभोवती फिरतात.

२. खालचा झाडोरा म्हणजे नेमकं काय? गवतही त्यात येतं का?

मोठ्या झाडांच्या माथ्याखाली, जमिनीपासून साधारण दोन पुरुष उंचीपर्यंत जे काही वाढतं ते सगळं त्यात येतं. करवंद, मुरडशेंग, धायटी, तरवड यांसारखी झुडपं आली, वेली आल्या, गवत आलं. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे मोठ्या झाडांची आपसूक उगवलेली रोपं. धावडा, अंजन, तेंदू, आपटा, खैर, बेहडा ही झाडं आज कितीही उंच दिसली तरी त्यांची पुढची पिढी गुडघ्याएवढीच असते. ती गुडघ्यावरून डोक्याच्या वर गेली तर जंगल पुढे चालतं. जंगलात गेल्यावर लोक वर बघतात. आम्ही मुलांना आधी खाली बघायला सांगतो.

३. मराठवाड्यात हरणं आहेत तरी कोणती? रोही हरीणच ना?

बोलताना आपण सगळ्यांना हरीण म्हणतो, पण त्यात दोन वेगळी कुळं आहेत. चितळ, सांबर आणि भेकर ही खरी हरणं. यांच्या नरांची शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. काळवीट, चिंकारा, चौसिंगा आणि रोही म्हणजे नीलगाय हे कुरंग कुळातले. त्यांची शिंगं गळत नाहीत. रोही गायही नाही आणि हरीणही नाही.

चितळ-सांबर पाहायचे तर किनवटकडे आणि यवतमाळच्या हद्दीला लागून असलेल्या पैनगंगा अभयारण्यात जावं लागतं, कारण तिथे पाऊस जास्त आणि सागाचं रान दाट आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. तिथल्या कोरड्या उतारांवर चिंकारा आणि रोही दिसतात. काळवीट उघड्या माळाचा प्राणी आहे. रोही मात्र आता जवळपास सगळीकडे आहे, उसात आणि तुरीतसुद्धा.

खाण्याच्या दृष्टीने हा भेद कामाचा आहे. काळवीट मुख्यतः गवत खातं. चिंकारा, चौसिंगा आणि भेकर कोवळा पाला, शेंगा, फळं वेचून खातात. चितळ, सांबर आणि रोही दोन्ही खातात आणि ऋतूनुसार बदलतात (प्रश्न ८ पाहा). त्यामुळे 'हरणांमुळे झाडोरा कमी झाला' असं कुणी म्हणालं की आमचा पहिला प्रश्न असतो, कोणतं हरीण?

४. शेंडा खाल्ला की रोप मरतं का?

हरभऱ्याचं उदाहरण घ्या. पीक वीत-सव्वा वीत झालं की आपण शेंडे खुडतो. भाजी होते, आणि हरभरा मरण्याऐवजी बगलेतून फुटून पसरतो. शेंड्यात तयार होणारं एक संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असतं. शेंडा गेला की तो दाब जातो आणि बाजूचे डोळे फुटतात. जंगलातल्या रोपाचंही हेच होतं.

फरक इतकाच की हरभऱ्याला पसरायचंच असतं, अंजनाला किंवा बेहड्याला उंच जायचं असतं. दर वर्षी शेंडा गेला की रोप उंच होण्याऐवजी झुडूप होतं. खोड जाड, फांद्या गुंतलेल्या, उंची मांडीएवढी. अशी 'म्हातारी रोपं' आमच्याकडच्या डोंगरांवर भरपूर आहेत. वरून दोन वर्षांचं वाटणारं रोप उकरून पाहिलं तर खाली मनगटाएवढं मूळ निघतं. त्याचा साठा मुळात असतो आणि दर पावसाळ्यात ते नवे फुटवे काढतं. ते मेलेलं नसतं, अडकलेलं असतं.

मरतं केव्हा? एकाच हंगामात दोन-तीनदा सगळी पानं गेली, मुळातला साठा संपला आणि वरून दुष्काळ आला तेव्हा. उगवून जेमतेम दोन-चार पानं आलेलं पहिल्या वर्षाचं रोप तर एका घासातच जातं, कारण त्याच्याकडे साठाच नसतो.

गवताची गोष्ट वेगळी. त्याचा वाढीचा बिंदू बुडाशी असतो, त्यामुळे वरचं पातं खाल्लं तरी ते खालून वाढत राहतं. रोपाचा वाढीचा बिंदू नेमका तोंडासमोर असतो.

५. हरणं कोणती झाडं आवडीने खातात आणि कोणती सोडतात?

आवडीची: बोर, बाभूळ, खैर, हिवर यांचा कोवळा पाला आणि शेंगा, आपटा, अंजन, धावडा. पळसाची आणि मोहाची खाली पडलेली फुलं चितळं आणि भेकरं वेचून खातात.

सोडलेली: घाणेरी, सीताफळ, रुई, तरवड, निरगुडी, मोठा झालेला टाकळा. घाणेरीच्या पानांत यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात, जनावरांनाही तिची विषबाधा होते. सीताफळाला तर शेळीही सहसा तोंड लावत नाही, म्हणूनच बालाघाटच्या डोंगरांवर राखण न करता ते इतकं फोफावलं. सागाची मोठी खरखरीत पानंही हरणांना नकोशी असतात.

ही यादी पक्की धरू नका. बरड माळावर दुष्काळात जे खाल्लं जातं ते चांगल्या वर्षी हुंगलंही जात नाही. शिवाय एकाच झाडाचा कोवळा पाला चालतो आणि जून पाला चालत नाही, असंही पुष्कळदा दिसतं.

६. म्हणजे काही वर्षांनी जंगलात फक्त नावडती झाडं उरतील?

सतत आणि जास्त तोंडं असतील तर त्या दिशेने सरकतं, हो. आवडतीची रोपं अडकून पडतात आणि नावडती बिनधोक वाढतात. वीस-तीस वर्षांत वरची मोठी झाडं वठू लागली की त्यांची जागा घ्यायला खाली त्यांचं कुणी नसतं. घाणेरी एकदा दाट झाली की ती सावली धरते आणि खाली बाकीचं उगवू देत नाही. मग हरणं काढून घेतली तरी झाडोरा परत येत नाही. हा शेवटचा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो: चराई थांबवणं आणि घाणेरी काढणं ही दोन वेगळी कामं आहेत, एक केलं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

७. शेंडा हरणानं खाल्ला, शेळीनं की सशानं, हे ओळखता येतं का?

ससा लगेच ओळखू येतो. त्याला वर-खाली पटाशीचे दात असतात, त्यामुळे काडी चाकूने तिरकी छाटल्यासारखी स्वच्छ कापलेली दिसते, आणि तीही जमिनीपासून हातभराच्या आत. हरीण, रोही, शेळी, गाय हे सगळे रवंथ करणारे. त्यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, घट्ट हिरडी असते. ते डहाळी दाबून ओढतात, म्हणून टोक फाटलेलं, तंतू लोंबणारं दिसतं.

हरीण आणि शेळी यांत फक्त काडीवरून फरक करणं अवघड आहे. इथे उंची, खुरांचे ठसे आणि लेंड्या एकत्र पाहाव्या लागतात. डोक्याच्या उंचीला फाटलेली टोकं दिसली तर रोही किंवा सांबर समजा, पण घाई करू नका. शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून तिथवर पोचते, आणि त्याच्याही वर फांदी मोडलेली असेल तर ते काम आकडी (फांद्या ओढायची लांब काठी) घेतलेल्या माणसाचं असतं. रोही ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. असा ढीग जवळ असेल तर तो त्याच्या रोजच्या वाटेवरचा भाग आहे.

८. वर्षातल्या कोणत्या महिन्यांत रोपांना सगळ्यात जास्त त्रास होतो?

पावसाळ्यात गवत कोवळं आणि मुबलक असतं. चितळ, रोही गवताकडे वळतात आणि रोपांना थोडी उसंत मिळते. दिवाळीनंतर गवत वाळून कुसळं होतात, त्यात सत्त्व राहत नाही. मग तोंडं पाल्याकडे वळतात. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पानगळ झालेल्या रानात जे काही हिरवं आहे त्यावर सगळ्यांचीच नजर असते.

वैशाखात आणखी एक गोष्ट घडते. कितीतरी झाडं पाऊस यायच्या आधीच नवी पालवी काढतात. ती पालवी मुळातला साठा वापरून आलेली असते. ती गेली की रोपाला सगळ्यात महाग पडतं. त्यामुळे राखण थोडेच दिवस करता येणार असेल तर आमच्या मते पालवी फुटल्यापासून पहिल्या दोन पावसाळी महिन्यांपर्यंत करावी. पावसाळ्यात हरणांकडून उसंत असते, पण शेळ्या-गुरं त्या दिवसांत नेमकी डोंगरावर असतात, कारण शेतात पीक उभं असतं.

९. खरं सांगा, डोंगर उघडे पडले ते हरणांमुळे की शेळ्यांमुळे?

हा प्रश्न बहुतेक वेळा तावातावाने येतो, कधी शेळीवाल्यांकडून, कधी त्यांच्यावर रागावलेल्यांकडून.

मराठवाड्यातल्या बहुतेक डोंगरांवर हरणांपेक्षा पाळीव जनावरांची तोंडं कितीतरी जास्त आहेत. विभागात जंगलच अगदी थोडं आहे आणि जे आहे ते गावांना खेटून आहे. हरणं विखुरलेली असतात, फिरती असतात आणि माणसाच्या भीतीने एका जागी फार थांबत नाहीत. शेळ्यांचा कळप रोज त्याच वाटेने जातो आणि त्याच उतारावर थांबतो. त्यामुळे गावाजवळच्या उतारावर झाडोरा संपला असेल तर हरणांना दोष देणं चूक आहे.

पण म्हणून शेळीला शत्रू ठरवणंही बरोबर नाही. उस्मानाबादी शेळी लातूर-धाराशिवकडच्या भूमिहीन आणि कोरडवाहू घरांना दुष्काळात तारून नेते. तिच्यामागे बहुतेक वेळा घरातली बाई किंवा म्हातारं माणूस असतं. त्यांच्याशी बोलून डोंगराचे दोन-तीन वाटे पाडून आळीपाळीने एकेका वाट्याला पूर्ण पावसाळा सुट्टी दिली, तर रोपांना जे हवं ते मिळतं आणि शेळ्याही उपाशी राहत नाहीत. सरसकट बंदीपेक्षा हे टिकतं.

आणि कुऱ्हाड? ती विसरू नका. सरपणासाठी बुंध्यातून तोडलेलं झाड फुटवे काढतं, ते फुटवे नेमके तोंडाच्या उंचीला येतात, आणि मग खाणारा दोषी दिसतो.

१०. बोरीला-बाभळीला काटे असतात, मग त्यांना का खातात?

काटे खाणं थांबवत नाहीत, मंदावतात. प्राणी मूठभर ओरबाडू शकत नाही, एकेक पान ओठांनी वेचावं लागतं. तेवढ्या वेळात त्याच्या वाट्याला कमी येतं आणि झाडाला जास्त उरतं. शेळीचे आणि चिंकाऱ्याचे ओठ निमुळते असल्याने त्यांना हे चांगलं जमतं.

खाल्ल्या गेलेल्या फांदीला नंतर येणारे काटे बऱ्याचदा लांब आणि दाट असतात. केनियातल्या बाभळींवर कुंपण घालून हे मोजलं गेलं आहे. मोठे प्राणी आत येऊ दिले नाहीत तेव्हा नव्या फांद्यांवरचे काटे आखूड होत गेले. आपल्याकडे बांधावरची छाटलेली बोर आणि न छाटलेली बोर शेजारी शेजारी पाहा. छाटलेल्या बोरीच्या खालच्या धुमाऱ्यांवरचे काटे हाताला जास्त लागतात.

११. रोपाची साल सोललेली दिसते. हेसुद्धा हरणानं खाल्लेलं का?

बहुतेक वेळा खाल्लेलं नसतं, घासलेलं असतं. चितळ आणि सांबराच्या नरांची नवी शिंगं मखमली कातडीखाली वाढतात. वाढ पूर्ण झाली की ती कातडी काढायला ते शिंगं खोडावर घासतात. अंगठ्यापासून मनगटाएवढ्या जाडीचं, लवचीक खोड त्यांना आवडतं, म्हणजे नेमकं तोंडाच्या उंचीतून निसटलेलं रोप. साल गुडघ्यापासून कमरेपर्यंत उभी फाटलेली, लोंबणारी दिसते. एका बाजूची गेली तर जखम भरते. सगळीकडून गोल गेली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही आणि वरचा भाग वाळतो.

अगदी बुंध्याशी, दातांच्या रुंद खुणांसह साल गेलेली असेल तर ते साळिंदर आहे. पळसाला त्याचा त्रास जास्त होतो. किनवटचं रान सोडलं तर मराठवाड्यात साल गेल्याबद्दल चितळाला धरण्याचं कारण सहसा नसतं.

१२. हरणं बियाही पसरवतात ना? मग तो फायदा का मोजत नाहीत?

मोजायलाच हवा. आवळा, बोर, बाभूळ यांचं बी हरणांच्या पोटातून किंवा तोंडातून दूर जातं. आवळ्याचं तर गमतीचं आहे. चितळ आवळा गिळतं, आणि नंतर सावलीत निवांत रवंथ करताना कठीण आठळी तोंडातूनच बाहेर टाकतं. बी लेंडीतून येत नाही, बसायच्या जागेवर सापडतं. वानरं झाडावर खाता खाता जो पाला आणि फळं खाली टाकतात त्याखाली चितळं जमतात, हे मध्य भारतातल्या जंगलांत नेहमी दिसतं, आणि अशा ठिकाणी बियांची वाटणी दोघं मिळून करतात.

दुसरी बाजूही आहे. वेडी बाभूळ गोड शेंगांची आहे. तिच्या शेंगा रोही, काळवीट, शेळ्या सगळेच खातात आणि बी धडधाकट बाहेर पडतं. गुजरातेतल्या वेळावदरच्या गवताळ रानात काळविटांनीच तिचं बी पसरवल्याचं अभ्यासातून दिसलं आहे. मराठवाड्यात ओढ्याकाठी आणि तलावांच्या पोटात ती ज्या वेगाने वाढली, त्यात जनावरांच्या पोटाचा वाटा आहेच.

१३. हरणं खरोखर फार झाली आणि खाणारं कुणी नसलं तर काय होतं?

अंदमानात हेच घडलं. चितळ तिथलं नाही. इंग्रजांच्या काळात बेटांवर आणून सोडलं. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, रानकुत्रा नाही. चितळं वाढत गेली आणि अनेक बेटांवर जंगलाचा खालचा थर विरळ झाला, रोपं कमी झाली. तिथल्या झाडांना अशा प्राण्याची सवयही नव्हती.

मराठवाड्यात ही अवस्था नाही आणि नजीकच्या काळात येईल असं आम्हाला वाटत नाही. पण तारेच्या कुंपणात हरणं पाळलेल्या उद्यानांत हे छोट्या प्रमाणावर पाहता येतं. तोंड पोचेल तिथवर सगळं स्वच्छ, आणि त्या उंचीवर पट्टीने आखल्यासारखी पानांची सरळ रेघ. अशी रेघ मोकळ्या जंगलात दिसू लागली तर ती धोक्याची खूण समजावी.

१४. वाघ-लांडगे आले की हरणं घाबरतात आणि जंगल आपोआप वाढतं, असा व्हिडिओ पाहिला. खरं का?

तो व्हिडिओ बहुधा अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा असतो. तिथे १९२० च्या दशकापर्यंत लांडगे संपवले गेले आणि १९९५ पासून परत आणून सोडले. त्यानंतर एल्क नावाची मोठी हरणं कमी झाली आणि काही ठिकाणी विलो आणि अॅस्पेनची रोपं वर आली. एवढं खरं आहे. पण सगळीकडे तसं झालं नाही. जिथे मधल्या काळात बीव्हर (ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी) नाहीसे होऊन ओढे खोल गेले होते आणि जमिनीतलं पाणी उतरलं होतं, तिथे नुसते लांडगे येऊन विलो सावरली नाही. अभ्यासकांमध्ये यावर आजही वाद आहे.

आपल्याकडे २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक वाघ थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात आला. त्याआधी २०२१ मध्ये गौताळ्यातही वाघ दिसला होता. बातमी मोठी होती आणि आम्हालाही फार आनंद झाला. पण जाता-येता राहणारा एक वाघ झाडोरा बदलत नाही. शिकारी प्राण्याचा परिणाम दिसायला तो वर्षानुवर्षं, पिल्लांसह, तिथे राहावा लागतो. माळरानावर लांडगा आणि डोंगरात बिबट्या आजही आहेत, आणि रोही-हरणांना एका जागी फार वेळ थांबू न देण्याचं काम ते करतात. गावाजवळ ते काम मोकाट कुत्री करतात, पण ती पाडसं फाडतात आणि हरणांना आणखी छोट्या जागेत कोंडतात. त्याला आम्ही फायदा म्हणणार नाही.

१५. चराई पूर्ण बंद केली तर झाडोरा दुप्पट वेगाने येईल का?

पहिली दोन-तीन वर्षं फार सुंदर दिसतं. मग गवत छातीला लागतं, आणि इथेच पुष्कळ गावं फसतात. दाट गवत रोपांचं पाणी आणि ऊन खातं. त्याहून वाईट म्हणजे फाल्गुनापासून ते सरपणासारखं वाळलेलं असतं. एक विडी किंवा तेंदूपत्त्यासाठी मुद्दाम लावलेली एक आग, आणि मांडीएवढी सगळी रोपं एका दुपारी जमिनीला लागतात. मुळात जीव असतो, ती पुन्हा फुटतात, पण पुन्हा तोंडाच्या उंचीला. जळालेल्या पट्ट्यावर जी कोवळी हिरवळ येते तिच्यावर आसपासची सगळी हरणं जमतात. आग आणि तोंड असं मिळून रोपाला वर्षानुवर्षं खाली दाबून ठेवतात.

म्हणून चराईबंदी केली तर पावसाळ्यानंतर गवत कापून न्यायची सोय करावी आणि जाळपट्टे (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) आखावेत. मोजक्या जनावरांनी हिवाळ्यात गवत खाल्लं तर ते रोपांच्या फायद्याचंच असतं. शेळी नाही, गाय-म्हैस. देवणी किंवा लाल कंधारी गाय गवत सोडून शेंड्यांच्या मागे फारशी लागत नाही.

१६. उन्हाळ्यात हरणांसाठी पाणवठे भरतो. त्याने झाडोऱ्यावर परिणाम होतो का?

होतो. पाण्याकडे रोज येणारा प्राणी येता-जाता खातो. पाणवठ्याभोवती रोपं सगळ्यात कमी आणि माती सगळ्यात तुडवलेली असते, लांब जावं तसा झाडोरा वाढत जातो. पाणी देणं थांबवा असं आम्ही म्हणत नाही, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. फक्त नवी लागवड जिथे केली आहे तिथून तो बराच दूर असावा, आणि शक्य असेल तर जागा अधूनमधून बदलावी. चिंकाऱ्याला पाणी फार कमी लागतं, तो पाल्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढतो. त्यामुळे चिंकाऱ्याच्या नावाने बांधलेला हौद बहुतेक वेळा रोही वापरतो.

१७. आम्ही लावलेली रोपं रोही खातात. काय करावं?

पहिली गोष्ट, रोपवाटिकेतलं खत-पाणी घातलेलं लुसलुशीत रोप रानातल्या कुठल्याही रोपापेक्षा चवदार असतं. पिशवीतून काढून उघड्यावर लावलं की ते आमंत्रणच ठरतं. आम्हाला उपयोगी पडलेलं असं:

उघड्या जागेत लावण्याऐवजी काटेरी झुडपाच्या पोटात लावा. बांधावरच्या बोरीच्या जाळीतून वर निघालेला कडुनिंब तुम्ही शेकडो वेळा पाहिला असेल. पाखरं बोरीवर बसतात, निंबोळी टाकतात, जाळी रोपाला राखते, सावली देते, आणि कडुनिंब तोंडाच्या वर गेला की बोर खाली पडते. हेच हाताने करायचं. करवंद, बोर, हिवर यांच्या जाळीच्या उत्तरेकडच्या कडेला, सावलीच्या बाजूने बी टोबा. जाळी 'साफ' करायचा मोह टाळा. लागवडीआधी झुडपं उपटून जमीन स्वच्छ करणं ही आमच्या पाहण्यातली सगळ्यात महागडी चूक आहे.

जाळी नसेल तर बोरीच्या काट्यांचं कुंपण प्रत्येक रोपाभोवती, किमान माणसाच्या खांद्याएवढं. लोखंडी ट्री गार्ड कमरेएवढं असेल तर रोही त्यावरून मान घालतो आणि शेंडा बाहेर आला की खातो.

बी थेट पेरलेलं रोप पिशवीतल्या रोपापेक्षा चिवट निघतं. अंजनाचं रोप आधी खाली मूळ सोडतं, वर फार दिसत नाही. ते पिशवीत वाढवलं की मूळ गुंडाळतं.

१८. हे सगळं आमच्या गावात स्वतः तपासायचं असेल तर?

पाच मीटर बाय पाच मीटरचे दोन चौकोन शेजारी शेजारी आखा, माती आणि सावली सारखी बघून. एकाला काट्यांचं किंवा जाळीचं उंच कुंपण घाला, दुसरा चारही कोपऱ्यांत दगड ठेवून उघडा सोडा. वर्षातून दोनदा, मे महिन्यात पालवीनंतर आणि दिवाळीच्या आसपास, दोन्ही चौकोनांतली रोपं जातवार मोजा: घोट्याखालची किती, घोटा ते कंबर किती, कंबर ते डोकं किती, डोक्यावरची किती. प्रत्येकाचा शेंडा शाबूत आहे का तेही लिहा.

पहिल्या वर्षी फरक दिसला नाही तर खट्टू होऊ नका, निदान तीन पावसाळे द्या. आत-बाहेर सारखंच निघालं तर त्याचाही अर्थ आहे: अडचण तोंडाची नसून पाण्याची, मातीची किंवा बियांची आहे. वनजमिनीवर करायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, गायरानावर ग्रामपंचायतीची. अशा चौकोनांची एकच वही शाळेत ठेवली तर दर वर्षीची नवी मुलं ती पुढे चालवू शकतात.

१९. रोही शेतात शिरतात. त्यांना मारायला परवानगी आहे का?

स्वतःहून मारणं, फास लावणं, तारेत वीज सोडणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि विजेच्या तारेने माणसंही मेली आहेत. पिकाच्या नुकसानीची भरपाई मिळते. पीक तसंच ठेवून लगेच वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. झाडोऱ्याशी याचा संबंध असा की डोंगरावर जितकं कमी उरतं तितकी तोंडं तुरीकडे वळतात. एकटा तोच संबंध आहे असं मात्र नाही. रोहीला हरभरा आवडतो, डोंगर हिरवा असला तरी.

२०. आमच्या माळावर झाडंच नाहीत, फक्त गवत आणि काळविटं आहेत. झाडोरा यावा म्हणून काळविटं हुसकवावीत का?

अजिबात नको. आधी तो माळ पूर्वी जंगल होता का ते विचारा. मुरमाड, उथळ मातीचे, कमी पावसाचे कितीतरी माळ मुळातच गवताचे आहेत. कुसळी, पवन्या, मारवेल हे त्यांचं खरं धन. काळवीट, लांडगा, खोकड आणि कितीतरी पाखरं उघड्या जागेवरच जगतात. काळवीट दूरवर बघून आणि पळून जीव वाचवतं. त्याला झाडी दाटली की धोका वाटतो आणि ते जागा सोडतं. तिथे वर येणारी तुरळक रोपं प्राण्यांनी खाल्ली तर माळ माळ राहतो, आणि त्याचं तसं राहणंच योग्य असतं.

ओळखायला सोपी खूण: गावातल्या जुन्या माणसांना त्या माळाचं नाव आणि तिथे आजोबा-पणजोबांच्या काळी काय नेलं जायचं ते विचारा. सरपण आणि डिंक नेला जात असेल तर तिथे झाडं होती. कडबा संपल्यावर गवत कापून आणलं जात असेल, तर खड्डे घेणारं यंत्र परत पाठवा आणि ते गवत पावसाळाभर राखा.